वाढत्या शाळेतील बदल: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ, मखमलाबाद अशा चहूबाजूंनी पसरले आणि शहराच्या कडेच्या शाळांचा पटही त्याच वेगाने वाढला. आमची अनुदानित मराठी शाळा त्यांपैकीच एक आहे. पूर्वी सातवीपर्यंत असलेल्या या शाळेला आता आठवीचा वर्ग जोडला गेला असून सहावी ते आठवी हा उच्च प्राथमिक विभाग स्वतंत्रपणे चालवला जातो. पालकसभेत आणि प्रवेशद्वारापाशी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. जे निर्णय झाले आहेत ते झाले म्हणून आणि जे अद्याप व्हायचे आहेत ते व्हायचे म्हणूनच नोंदवले आहेत.

सातवीपर्यंतच्या शाळेला आठवी जोडण्याची गरज काय होती?

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याने पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण मानले. महाराष्ट्रात मात्र चौथी आणि सातवी हेच जुने टप्पे वर्षानुवर्षे रुळलेले होते. त्यामुळे सातवी झालेल्या मुलाला आठवीपासूनच नवे माध्यमिक विद्यालय, नवा गणवेश आणि नवा रस्ता धरावा लागत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील ५+३+३+४ या रचनेतही सहावी ते आठवी ही तीन वर्षे एकाच टप्प्यात धरलेली आहेत. आमच्या अनुभवात सातवीनंतर शाळा सुटण्याचा धोका मुलींच्या बाबतीत अधिक जाणवत असे, आणि आठवी येथेच असावी या आग्रहामागे पालकांमध्ये आयाच अधिक होत्या.

उच्च प्राथमिक विभाग सकाळी आणि लहान मुले दुपारी, असे का? उलट का केले नाही?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत. सर्व वर्ग एकाच वेळी भरवता येतील इतक्या खोल्या सध्या शाळेकडे नाहीत, त्यामुळे दोन सत्रे करणे अपरिहार्य होते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. त्यामुळे लहान मुलांना सकाळच्या सत्रात बसवणे शक्य नव्हते आणि ते योग्यही ठरले नसते. सहावी ते आठवीचे सत्र म्हणून सकाळी ७.१० ते दुपारी १२.२० असे ठरले आणि प्राथमिक विभाग १२.५५ वाजता सुरू होतो.

वेळ ठरवताना कायद्यातील अध्यापनाच्या तासांचा हिशेब पाहावा लागतो. सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० तास अध्यापन आवश्यक आहे. पहिली ते पाचवीसाठी हेच प्रमाण २०० दिवस आणि ८०० तास आहे. सकाळच्या सत्रातून मधल्या सुट्टीचा अर्धा तास वजा केला की रोज चार तास चाळीस मिनिटे उरतात. २२० दिवसांत हे सुमारे १०२६ तास होतात. म्हणजे आपल्या हाती शिल्लक राहते ती जेमतेम पाच-सहा दिवसांची. शनिवारी लवकर सोडा, परिपाठ लांबला तरी चालेल, स्नेहसंमेलनाच्या तयारीसाठी आठवडाभर तासिका रद्द करा, अशा सूचना प्रेमाने येतात. पण त्या मान्य करता येत नाहीत त्या या हिशेबामुळे. शनिवारीही सकाळच्या सत्राची वेळ तीच राहील.

सकाळच्या सत्राचा एक तोटा आम्ही नाकारत नाही. दोन्ही पालक अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यांत कामाला असतील, तर दुपारी साडेबारानंतर मूल घरी एकटे असते. अशा विद्यार्थ्यांसाठी दुपारी अडीचपर्यंत ग्रंथालय उघडे ठेवले जाते. ग्रंथालयात जागा मर्यादित असल्याने ज्यांना खरोखर गरज आहे अशाच पालकांनी वर्गशिक्षकांकडे लेखी कळवावे.

नाशिकच्या थंडीत सकाळी सातला मुले कशी येणार?

डिसेंबर आणि जानेवारीत सत्र ७.३० ते १२.४० असे असेल. वीसच मिनिटे का, अर्धा-पाऊण तास का नाही, असे विचारले जाते. निफाडचा पारा किती उतरला याच्या बातम्या आम्हीही वाचतो. परंतु सकाळचे सत्र आणखी पुढे नेले, तर सुटणारी मोठी मुले आणि येणारी लहान मुले एकाच वेळी एकाच फाटकात येतात, आणि ती गर्दी थंडीपेक्षा अधिक धोक्याची आहे. कोणत्याही रंगाचा स्वेटर, कानटोपी आणि मफलर चालेल. गणवेशाच्याच रंगाचा स्वेटर हवा, ही जुनी अट काढून टाकली आहे.

एका वर्गात किती विद्यार्थी असतील?

कायद्यानुसार उच्च प्राथमिक स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. शिवाय विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांसाठी प्रत्येकी किमान एक शिक्षक असणे बंधनकारक आहे. पट शंभराच्या वर गेला की पूर्णवेळ मुख्याध्यापक, तसेच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक अपेक्षित असतात. काही तुकड्यांमध्ये आज ३५ पेक्षा अधिक मुले बसतात, ही वस्तुस्थिती आहे. नव्या तुकड्या त्यासाठीच केल्या जात आहेत.

तुकडी वाढली की शिक्षक आपोआप वाढतात, असा समज आढळतो. अनुदानित शाळेत तसे होत नाही. शिक्षकांची पदे संचमान्यतेतून, म्हणजे पटानुसार पदे मंजूर करण्याच्या शासकीय प्रक्रियेतून, ठरतात. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर अवलंबून असते, आणि त्या पटात आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी धरले जातात. याचा अर्थ असा की जूनमध्ये आलेल्या मुलांसाठीचे पद मंजूर व्हायला पुढचे वर्ष उजाडू शकते, आणि तोवर संस्थेने आपल्या खर्चाने तात्पुरते शिक्षक नेमून वेळ निभावून न्यावी लागते. वर्षाच्या मध्येच गणिताचे शिक्षक बदलले, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. शिक्षक बदलले तरी वर्गशिक्षक मात्र वर्षभर तेच राहतील, एवढी काळजी आम्ही घेत आहोत. कारण वाढत्या शाळेत मुलाला नावाने ओळखणारे आणि त्याचे घर ठाऊक असणारे एक तरी मोठे माणूस असायला हवे.

आधार कार्डावरील नावात किरकोळ फरक असेल तर काय बिघडते?

वरील उत्तर वाचल्यावर त्याचे महत्त्व ध्यानात येईल. जनरल रजिस्टरमधील (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील) नाव, जन्मतारीख किंवा लिंगाची नोंद आधारशी जुळली नाही, तर विद्यार्थी वर्गात बसलेला असूनही संचमान्यतेच्या गणतीत येत नाही. अशी काही नावे गळली की एखादे पद हातचे जाऊ शकते. आईवडिलांच्या नावातील ‘भाऊ’, ‘राव’, ‘बाई’ ही आदरार्थी पुच्छे एका कागदावर असतात आणि दुसऱ्यावर नसतात. बहुतेक तफावती अशाच असतात. दुरुस्ती जुलैअखेरपर्यंत करून घ्यावी. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश नाकारला जात नाही, हेही येथे स्पष्ट करतो. ‘अपार’ या बारा अंकी ओळख क्रमांकासाठी मात्र पालकांचे संमतीपत्र लागते आणि संमती देणे हे पालकांच्या इच्छेवर आहे.

वरच्या मजल्यावरील नव्या खोल्या केव्हा मिळणार?

तारीख देण्याचे आम्ही हेतुतः टाळत आहोत. बांधकाम संपणे आणि खोल्या वापरात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महानगरपालिकेचा भोगवटा दाखला हाती आल्याशिवाय आणि अग्निशमन व्यवस्थेची तपासणी झाल्याशिवाय एकही वर्ग वर हलवला जाणार नाही. आवाजाची कामे सकाळचे सत्र सुटल्यावर, लहान मुलांच्या वर्गांपासून दूरच्या बाजूला केली जातात. काम चालू असेपर्यंत मैदानाचा पश्चिमेकडील भाग पत्रे लावून बंद आहे आणि त्यामुळे खो-खोचे मैदान तूर्त गेले आहे. चालता न येणाऱ्या विद्यार्थ्यांचे वर्ग कायम तळमजल्यावरच राहतील; उतरता मार्ग (रॅम्प) असूनही वर्ग वरच्या मजल्यावर दिला, तर त्या मार्गाचा उपयोग काय?

सहावीत बाहेरून प्रवेश मिळेल का? परीक्षा किंवा देणगी द्यावी लागेल का?

जागा असेल तर प्रवेश मिळेल. अर्ज जागांपेक्षा अधिक आले तर सोडत काढली जाईल. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेणे आणि देणगी घेणे हे दोन्ही कायद्याने निषिद्ध आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे कोणी शाळेच्या नावाने पैसे मागितल्यास कृपया मुख्याध्यापकांना त्वरित कळवावे. आधीच्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मूल वर्गात बसू लागते आणि दाखला मागवण्याचा पत्रव्यवहार शाळा करते. विटभट्टी, बांधकाम किंवा द्राक्षबागांच्या कामासाठी आलेल्या कुटुंबांतील मुले छाटणीच्या हंगामात मध्येच येतात आणि मध्येच जातात. त्यांनाही हेच नियम लागू आहेत.

आठवीपर्यंत कोणालाच नापास करत नाहीत, हे खरे आहे का?

आता नाही. २०१९ मधील केंद्रीय दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये त्यानुसार नियम बदलले. आठवीच्या वार्षिक परीक्षेत एखाद्या विषयात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यासाठी निकालानंतर पूरक मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षा असते. त्यातही यश आले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. मात्र प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढता येत नाही. सहावी आणि सातवीला पूर्वीप्रमाणेच आकारिक (वर्षभर चालणारे) व संकलित (सत्राच्या शेवटचे) मूल्यमापन चालू राहील. आमचे मत विचाराल तर, आठवीच्या निकालाची खरी चिंता सहावीतच करावी लागते. अपूर्णांक आणि वाचन या दोन गोष्टी कच्च्या राहिलेले मूल दोन वर्षे वर्गात गप्प बसून काढते. म्हणून सहावीच्या पहिल्या सहामाहीत या दोन्हींसाठी आठवड्यातून दोन जादा तासिका ठेवल्या आहेत, आणि त्या शिकवणीला पर्याय नाहीत.

आठवीतील कोणती परीक्षा चुकवू नये?

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे ज्या परीक्षेला सर्वजण एनएमएमएस म्हणतात, ती. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपेक्षा अधिक नसेल, तर शासकीय व अनुदानित शाळेतील आठवीचा विद्यार्थी या परीक्षेला बसू शकतो. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला काढण्यास वेळ लागतो, तेव्हा तो सातवीच्या उन्हाळी सुट्टीतच काढून ठेवावा.

दप्तर आणि गृहपाठाचे नवे नियम काय आहेत?

२०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. सहावी-सातवीसाठी दोन ते तीन किलो आणि आठवीसाठी अडीच ते चार किलो अशी मर्यादा आहे. गृहपाठ रोज जास्तीत जास्त एक तासाचा. वर्गातील वजनकाट्यावर दप्तरे तोलली, तेव्हा जड निघालेल्या दप्तरांत शाळेची पुस्तके कमी आणि शिकवणीच्या वह्या व दोन-दोन पाण्याच्या बाटल्या अधिक होत्या. शाळेत शुद्ध पाण्याची सोय आहे. एक छोटी बाटली पुरेशी आहे.

दप्तराविना दिवस म्हणजे सहलीच का?

नाही. सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस पुस्तकांऐवजी स्थानिक कारागीर आणि व्यावसायिक यांच्यासोबत काढावेत, ही नव्या धोरणातील सूचना आहे आणि नाशिकमध्ये त्यासाठी दूर जावे लागत नाही. तांबट आळीत तांब्याच्या भांड्याला ठोके देऊन आकार कसा येतो, हे पाहिलेल्या मुलांना धातूंचा धडा निराळा शिकवावा लागत नाही. १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय, त्रिरश्मी लेणी, गंगापूर धरण आणि येवल्याचे पैठणी विणकर ही ठिकाणे यादीत आहेत. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जाण्याचा विचार आहे. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून त्याची नोंद झाली, आणि निफाड तालुक्यातीलच असल्याने एका दिवसात जाऊन येता येते. प्रत्येक भेटीनंतर मुलांना दोन पाने स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतील. मोबाइलवरून उतरवलेली पाने परत दिली जातील.

सकाळच्या सत्रात पोषण आहार मिळतो का?

होय, मधल्या सुट्टीत मिळतो. उच्च प्राथमिक विद्यार्थ्यासाठी प्रतिदिन १५० ग्रॅम धान्य, ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. वाढण्यापूर्वी एक शिक्षक अन्नाची चव घेऊन नोंद करतात. पालकांनीही अधूनमधून येऊन चव घ्यावी, ही विनंती आहे.

ये-जा करण्याच्या व्यवस्थेत काय बदल झाला?

मुख्य फाटक आता केवळ पायी आणि सायकलने येणाऱ्यांसाठी आहे. रिक्षा, व्हॅन आणि दुचाकी यांनी मागच्या गल्लीत थांबावे. रिक्षावाल्या काकांनी परवान्याच्या क्षमतेपेक्षा अधिक मुले बसवू नयेत, हे शाळेची परिवहन समिती पाहते. पण शेजारच्या दोन मुलांना ‘आजच्या दिवस’ बसवून घ्या, असा आग्रह पालकांकडूनच होतो, हेही सांगणे भाग आहे. सिटीलिंकच्या बसने येणाऱ्या विद्यार्थ्यांना सवलतीच्या पाससाठी बोनाफाईड प्रमाणपत्र कार्यालयातून मिळेल.

दुचाकीवर मागे बसणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येकाला मोटार वाहन कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे, म्हणजे सहावीतल्या मुलालाही. आठवीतील विद्यार्थ्याने स्वतः दुचाकी चालवत आल्यास गाडी आत घेतली जाणार नाही आणि पालकांना बोलावले जाईल. अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे.

मुलांच्या सुरक्षिततेसाठी काय केले आहे?

सखी सावित्री समिती कार्यरत आहे, प्रवेशद्वार आणि मार्गिकांमध्ये सीसीटीव्ही आहेत, आणि बांधकामावरील मजुरांसह शाळेत येणाऱ्या सर्व कंत्राटी व्यक्तींची चारित्र्य पडताळणी करून घेतली जाते. तक्रारपेटी महिला शिक्षिका आणि पालक प्रतिनिधी यांच्या समक्ष उघडली जाते. मुलांना १०९८ हा बालमदत क्रमांक पाठ असावा, म्हणून तो प्रत्येक वर्गात लिहिलेला आहे. कॅमेरे लावल्याने सर्व काही साधते, असे आम्ही मानत नाही. दोन सत्रांच्या मधल्या पस्तीस मिनिटांत स्वच्छतागृहांच्या बाजूला एक शिक्षिका प्रत्यक्ष उभी असते, आणि आमच्या मते त्याचा उपयोग अधिक होतो.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात शाळा बंद राहील का?

जाहीर कार्यक्रमानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि नाशिकमधील अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ रोजी आहेत. वार पाहता ते अनुक्रमे सोमवार, मंगळवार आणि शनिवार येतात. पर्वणीच्या दिवशी आणि आदल्या दिवशी पंचवटी, द्वारका, मुंबई नाका हा भाग ओलांडून मुलांनी यावे, अशी अपेक्षा कोणीही करणार नाही. सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार मात्र प्रशासनाचा आहे आणि शाळा त्या आदेशाप्रमाणेच चालेल. शिल्लक पाच-सहा दिवसांचीच असल्याचे वर सांगितले आहे. तेवढ्यापेक्षा अधिक दिवस गेले तर त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी आखडती घ्यावी लागेल किंवा काही रविवार भरून काढावे लागतील. रंगपंचमीला रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे जुने हौद, भरत असल्याने मुख्याध्यापकांच्या अधिकारातील एक सुट्टी नाशिककरांसाठी जणू ठरलेलीच आहे, ती तशीच राहील. २ ऑगस्टला दुपारनंतर पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहणही दिसणार आहे. ढग आड आले नाहीत तर ते सुरक्षितपणे कसे पाहावे, याची तयारी विज्ञानाचे शिक्षक जुलैतच करून घेतील.

या निर्णयांत पालकांचे मत कोठे घेतले जाते?

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असतात. अनुदानित शाळेत या समितीचे स्वरूप कायद्याने सल्लागाराचे आहे, हे खरे. तरीही स्वेटरची अट काढणे आणि ग्रंथालय दुपारी उघडे ठेवणे हे दोन्ही निर्णय समितीच्या सूचनेवरूनच झाले. सूचना लेखी द्यावी. व्हॉट्सअ‍ॅप गटावरील मजकुराची सूचना म्हणून नोंद होत नाही.

आठवीनंतर काय? नववीचा वर्ग सुरू होणार का?

नववीसाठी स्वतंत्र शासकीय परवानगी लागते. स्वयंअर्थसहाय्यित शाळांविषयीच्या २०१२ च्या कायद्यानुसार संस्था अर्ज करू शकते. परंतु तसा वर्ग विनाअनुदानित असतो आणि त्याचा भार शुल्कातून पालकांवर येतो. उच्च प्राथमिक विभागाला पुरेशा खोल्या आणि मंजूर शिक्षक मिळाल्याशिवाय असा अर्ज करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि संस्थेलाही तसे कळवले आहे. त्यामुळे सध्या आठवीत असलेल्या मुलांच्या पालकांनी दुसऱ्या सत्राच्या आरंभापासूनच जवळच्या माध्यमिक विद्यालयांत चौकशी सुरू करावी. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज निकालाच्या दिवशी देता येईल. दाखल्यावर जन्मस्थळ, जात आणि जन्मतारीख या नोंदी जनरल रजिस्टरप्रमाणेच येतात आणि शाळा सोडल्यानंतर त्यांत बदल करून घेणे फार कठीण जाते, म्हणून जानेवारीत कार्यालयात येऊन प्रत्येक नोंद स्वतः वाचून पाहावी आणि स्वाक्षरी करावी. कार्यालय कामाच्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत उघडे असते.